जॉर्ज टाउनची घाऊक बाजारपेठ आणि वस्तू-सुरक्षेचे नियम

चेन्नई बंदरालगतच्या जॉर्ज टाउन भागातून दक्षिणेतील असंख्य लहानमोठ्या दुकानांना माल जातो. खेळणी, भांडी, विजेच्या वस्तू, कागद, कापड, दागिने अशा प्रत्येक वस्तूची येथे वेगळी गल्ली आहे. गावाकडील दुकानदार सकाळच्या गाडीने येतो, गाठोडी बांधतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. या व्यवहारात अलीकडच्या काही वर्षांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. विकत घेतलेल्या मालावर भारतीय मानकाचे चिन्ह आहे काय आणि नसल्यास त्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय. कारखानदार, आयातदार, घाऊक व्यापारी आणि कोपऱ्यावरचा दुकानदार या सर्वांसाठी कायद्याने दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत. त्यांची माहिती नसल्याने लहान व्यापाऱ्याचे मोठे नुकसान होऊ शकते.

ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये पाय रोवल्यानंतर फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्याबाहेर स्थानिक विणकर, दलाल आणि व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. इंग्रज तिला ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास जिंकले. पुढे ते इंग्रजांना परत मिळाले, पण तोवर जुनी वस्ती पाडली गेली होती. तिच्या जागेच्या परिसरात आज मद्रास उच्च न्यायालयाची १८९२ मधील इमारत उभी आहे. वस्ती उत्तरेकडे सरकली आणि पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणानिमित्त १९११ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मराठी वाचकांना या भागाची ओळख आणखी एका कारणाने असू शकते. येथील तंबू चेट्टी मार्गावरील कालिकांबाळ मंदिरात दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांनी दर्शन घेतल्याची परंपरा सांगितली जाते.

आजच्या बाजारपेठेत गोडाउन स्ट्रीट कापडासाठी, अँडरसन स्ट्रीट कागद आणि लग्नपत्रिकांसाठी, तर एनएससी बोस रोड दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. काशी चेट्टी आणि नारायण मुदली या अरुंद गल्ल्यांत खेळणी, भेटवस्तू आणि शोभेच्या वस्तूंची दाटी असते. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस समुद्राकाठच्या रस्त्यावर उभा राहिलेला बर्मा बझार परदेशी इलेक्ट्रॉनिक मालासाठी ओळखला जातो. पश्चिमेकडील साहुकारपेठेत मारवाडी आणि गुजराती पेढ्या आहेत. या गल्ल्यांतील बहुतेक दुकाने लहान, एका कुटुंबाने चालविलेली आहेत. मानकांचे नियम मात्र दुकानाचा आकार पाहून लागू होत नाहीत. ते वस्तू पाहून लागू होतात, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे.

चिन्ह ऐच्छिक केव्हा, सक्तीचे केव्हा?

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘आयएसआय’ हे चिन्ह घराघरांत पोहोचले. या संस्थेची जागा १९८७ मध्ये भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने घेतली. चिन्ह तेच राहिले. सध्या लागू असलेला भारतीय मानक ब्युरो कायदा २०१६ मधील असून त्याची अंमलबजावणी १२ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू झाली. बीआयएसचे दक्षिण विभागीय कार्यालय चेन्नईतच, तरमणी येथे आहे.

मूलतः हे चिन्ह ऐच्छिक आहे. परंतु लोकांचे आरोग्य आणि सुरक्षा, पर्यावरणाचे रक्षण, अनुचित व्यापाराला आळा किंवा राष्ट्रीय सुरक्षा या कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या वस्तूसाठी ते सक्तीचे करू शकते. त्यासाठी संबंधित मंत्रालय ‘गुणवत्ता नियंत्रण आदेश’ काढते. असा आदेश लागू झाला की ती वस्तू चिन्हाशिवाय तयार करणे, आयात करणे, भाड्याने देणे, साठविणे, विक्रीसाठी मांडणे आणि विकणे या सर्वांना मनाई होते. अनेक दुकानदारांचा समज असतो की परवाना हा कारखानदाराचा विषय आहे आणि आपण केवळ माल पुढे देतो. परवाना कारखानदारानेच घ्यावयाचा असतो हे खरे. पण विनाचिन्ह माल गोदामात ठेवणे किंवा मांडणीवर लावणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्याने त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पहिल्या गुन्ह्यास किमान २ लाख रुपये आणि पुढील गुन्ह्यांस किमान ५ लाख रुपये दंड ठरविला. हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. बीआयएसच्या अधिकाऱ्यांना झडती घेण्याचा आणि माल जप्त करण्याचाही अधिकार आहे. गल्लीतील एका लहान दुकानाच्या भांडवलाचा विचार करता किमान दंडाची रक्कमच किती जड आहे, हे वेगळे सांगावयास नको.

खेळण्यांचा आदेश

जॉर्ज टाउनमधील व्यापारावर सर्वाधिक परिणाम झाला तो खेळण्यांच्या आदेशाचा. भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली आणि परिसरातील बाजारांतून १२१ खेळण्यांचे नमुने घेऊन तपासले होते. त्यांपैकी सुमारे ६७ टक्के नमुने सुरक्षेच्या कसोटीला उतरले नाहीत, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. तो सप्टेंबर २०२० पासून लागू व्हावयाचा होता. मुदतवाढ मिळून १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. आयात शुल्कही २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. परिणामी, २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलर असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर आली. ज्या गल्ल्यांचा व्यापार मुख्यतः आयात मालावर उभा होता, त्यांना याचा अर्थ आकडे न वाचताही कळला असणार.

चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनविलेली किंवा उघडपणे त्यासाठीच असलेली वस्तू म्हणजे खेळणे, अशी आदेशातील व्याख्या आहे. बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. क्रमांक रुक्ष वाटले तरी त्यांमागील कसोट्या अगदी घरगुती धोक्यांमधून आलेल्या आहेत.

तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते. म्हणून त्याच्या खेळण्यातून सुटू शकणारा कोणताही भाग गिळण्याजोगा लहान असता कामा नये. हे पाहण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे, आतून तिरक्या तळाचे एक नळकांडे वापरतात. बाहुलीचा डोळा, गाडीचे चाक किंवा खुळखुळ्यातील मणी त्यात पूर्णपणे मावला, तर खेळणे नापास होते. खेळणे ठरावीक उंचीवरून पाडतात, ओढतात, पिळतात आणि मग कडा धारदार झाल्या काय, टोके बाहेर आली काय हे पाहतात. केसाळ बाहुल्या आणि मुखवटे किती लवकर पेट घेतात याची कसोटी मानकाच्या दुसऱ्या भागात आहे. तिसरा भाग रंगाविषयी आहे. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, अँटिमनी, बेरियम आणि सेलेनियम या आठ मूलद्रव्यांपैकी किती अंश पोटातील आम्लात विरघळून शरीरात जाऊ शकेल, हे त्यात मोजले जाते. शिशासाठी मर्यादा प्रति किलो ९० मिलिग्रॅम आहे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि तो परिणाम नंतर भरून निघत नाही, म्हणून ही मर्यादा इतकी कडक ठेवली आहे. मऊ प्लॅस्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या थॅलेट या रसायनांसाठी नववा भाग आहे.

बटणाच्या आकाराच्या सेलचा धोका मात्र पालकांना आणि दुकानदारांना अजूनही पुरेसा ठाऊक नाही. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर त्यातील विद्युतप्रवाहाने तयार होणारे अल्कधर्मी द्रव्य काही तासांत आतील पेशी जाळते. म्हणूनच सेलच्या कप्प्याचे झाकण हत्याराशिवाय उघडू नये, असा नियम आहे. स्क्रू नसलेले आणि नखाने उघडणारे झाकण दुकानदाराला तपासणीसाठी कोणतीही प्रयोगशाळा न लागता हातात घेऊनच कळते.

आदेशातून दोन प्रकारच्या उत्पादकांना सूट आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी तयार करून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांचे नोंदणीकृत मालक किंवा अधिकृत वापरकर्ते यांना चिन्हाची सक्ती नाही. मान डोलविणारी तंजावरची बाहुली भौगोलिक मानांकनामुळे या सवलतीत बसते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांनीही आयुक्तांकडील नोंदणी करून ठेवणे हिताचे आहे. ‘हाताने केलेले आहे’ एवढे सांगणे मात्र पुरेसे नसते. घाऊक व्यापाऱ्याने अशा मालाबरोबर कारागिराच्या ओळखपत्राची प्रत ठेवली नाही, तर तपासणीच्या वेळी सूट सिद्ध करणे कठीण जाते.

आयातदारांच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार दिसतो. परवाना आयातदाराच्या नावावर मिळत नाही. तो परदेशातील कारखान्याला, तेथील उत्पादनाची पाहणी झाल्यावर मिळतो. ‘आमच्याकडे परवाना आहे’ असे सांगणाऱ्या आयातदाराकडे म्हणून कारखान्याचे नाव आणि त्याचा परवाना क्रमांक मागावा. अंमलबजावणी केवळ घाऊक गल्ल्यांपुरती राहिलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने देशभरातील मॉल आणि विमानतळांवरील नामांकित दुकानांसह विविध ठिकाणांहून १८ हजारांहून अधिक विनाचिन्ह खेळणी जप्त केल्याचे जाहीर झाले होते.

विक्रेता स्वतः जबाबदार केव्हा ठरतो?

मानकाच्या कायद्याखालील शिक्षा हा एक भाग झाला. वस्तूमुळे एखाद्याला इजा झाली तर भरपाई कोणी द्यावयाची, याचे उत्तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या या कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ ही संकल्पना प्रथमच स्पष्ट शब्दांत आणली. सदोष वस्तूमुळे झालेला मृत्यू, शारीरिक इजा, आजार, अन्य मालमत्तेचे नुकसान आणि त्यातून झालेला मनस्ताप यांसाठी ग्राहक उत्पादक, सेवा देणारा किंवा विक्रेता यांच्याविरुद्ध दावा करू शकतो.

साध्या विक्रेत्यावर ही जबाबदारी सरसकट येत नाही. कलम ८६ मध्ये काही ठरावीक प्रसंग सांगितले आहेत. विक्रेत्याने वस्तूच्या रचनेवर, चाचणीवर, वेष्टनावर किंवा लेबलवर मोठे नियंत्रण ठेवले असेल, वस्तूत बदल केला असेल आणि तोच इजेला मोठे कारण झाला असेल, उत्पादकाने दिली नाही अशी स्वतंत्र हमी दिली असेल आणि वस्तू तिला उतरली नसेल, अथवा जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना वाजवी काळजी घेतली नसेल किंवा उत्पादकाचा धोक्याचा इशारा ग्राहकापर्यंत पोहोचविला नसेल, तर तो जबाबदार ठरतो.

जॉर्ज टाउनसारख्या बाजारासाठी यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वेगळाच आहे. वस्तूचा उत्पादक कोण हे ठाऊक नसेल, ठाऊक असूनही त्याला नोटीस बजावता येत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विक्रेत्यालाच उत्पादकाच्या जागी धरले जाऊ शकते. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला, खोक्यावर कोणाचाही पत्ता नसलेला परदेशी माल विकणारा दुकानदार नकळत कारखानदाराची संपूर्ण जोखीम आपल्या शिरावर घेतो. डझनामागे वाचणाऱ्या थोड्या रुपयांसाठी पत्करलेला हा धोका व्यापारी हिशेबात सहसा धरला जात नाही. पक्के बिल हा त्यावरचा सर्वांत स्वस्त विमा आहे. ग्राहकाला बिल न देणे हीही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात बदल केला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा करता येत नाही.

याच कायद्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागविण्याचा आणि ग्राहकांना पैसे परत करण्याचा आदेश ते देऊ शकते. प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडर यांविषयी आणि त्याच महिन्यात पाणी तापविण्याचा रॉड, शिलाई यंत्र, गॅसची शेगडी आदी घरगुती वस्तूंविषयी सुरक्षा सूचना काढल्या. मानकाला न उतरणारे प्रेशर कुकर आपल्या संकेतस्थळांवर विकू दिल्याबद्दल २०२२ मध्ये मोठ्या ई-व्यापार कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंडाचे आणि कुकर परत घेण्याचे आदेश झाले. ते वाद पुढे न्यायालयात गेले.

कुकर, रॉड, चार्जर

भांड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी प्रेशर कुकरचे मानक आयएस २३४७ हे आहे. वाफेची वाट बंद झाल्यास सुरक्षा झडप ठरावीक दाबाला वितळून किंवा सुटून वाफ मोकळी झाली पाहिजे, ही त्यातील मुख्य अपेक्षा. स्वस्त कुकरच्या झडपेत चुकीचा धातू वापरलेला असतो तेव्हा ती वेळेवर वितळत नाही आणि झाकण उडते. दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण मूळ झडपेच्या जागी भलती झडप बसविणे हा वस्तूत केलेला बदलच होय. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही २०२४ मध्ये स्वतंत्र आदेश निघाला.

वायर, स्विच, इस्त्री आणि पाणी तापविण्याचा रॉड यांना २००३ च्या आदेशापासून चिन्ह सक्तीचे आहे. मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक आणि त्यांतील बॅटरी यांची व्यवस्था निराळी असून त्यांची सक्तीची नोंदणी करावी लागते. अशा वस्तूंवर आयएसआय चिन्ह नसते, तर बीआयएसचे नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. चार्जरवर आयएसआय चिन्ह दिसले तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

वेष्टित वस्तूंवरील छपाईचा विषय २०११ च्या वैध मापन नियमांत येतो. उत्पादक, वेष्टनकार किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ परिमाण, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे त्यावर हवेच. आयात वस्तूवर मूळ देशही हवा.

सराफ आणि गलाई

दागिन्यांचा प्रश्न सुरक्षेपेक्षा शुद्धतेचा आहे, तरी जॉर्ज टाउनमधील मराठी माणसाचा संबंध येथेच अधिक येतो. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून गेलेले गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आहेत; चेन्नईची साहुकारपेठ त्याला अपवाद नाही. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क २३ जून २०२१ पासून प्रथम २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकण्यास मनाई झाली. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेले सराफ आणि दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने यांना सक्तीतून वगळण्यात आले. चांदीसाठी ऐच्छिक एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाला. हॉलमार्क असूनही दागिना कमी शुद्ध निघाला, तर शुद्धतेतील तुटीच्या रकमेची दुप्पट आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळू शकतो. त्यामुळे सराफाला गाळलेल्या धातूच्या कसाची नोंद काटेकोर ठेवावी लागते आणि ती मागणी साहजिकच गलाईच्या दुकानापर्यंत येते.

लहान उत्पादकांना सवलती

मोठ्या कारखान्यासाठी किरकोळ असणारा चाचणीचा खर्च लहान उत्पादकाचा नफा खाऊन टाकतो. अमेरिकेत २००७ मध्ये शिसेयुक्त रंगाची लाखो खेळणी परत मागवावी लागल्यावर २००८ मध्ये कडक कायदा झाला, तेव्हा तेथील घरगुती खेळणी-निर्मात्यांनी हीच तक्रार केली होती. २०११ च्या दुरुस्तीने तेथे अल्प प्रमाणात उत्पादन करणाऱ्यांना नोंदणी करून बाहेरच्या प्रयोगशाळेतील काही चाचण्यांतून सूट मिळाली; वस्तू मानकाला उतरलीच पाहिजे ही अट मात्र कायम राहिली. भारतातील सवलतींचा रोखही साधारण तसाच आहे. सूक्ष्म खेळणी उद्योगांना स्वतःची प्रयोगशाळा नसताना परवाना देण्याची मुभा बीआयएसने प्रथम एक वर्षासाठी दिली आणि नंतर ती तीन वर्षांपर्यंत वाढविली. चिन्हांकनाच्या किमान वार्षिक शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ५० आणि मध्यम उद्योगांना २० टक्के सवलत ठेवण्यात आली. अनेक नव्या आदेशांत लघु उद्योगांना तीन महिने आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने अधिक मुदत दिली जाते. या सवलती उत्पादकांसाठी आहेत. विनाचिन्ह माल विकणाऱ्या लहान दुकानदाराला, तो लहान आहे म्हणून, अशी कोणतीही सूट नाही. नियमांच्या रचनेतील ही उणीव व्यापाऱ्यांना जाचक वाटते आणि त्यांची नाराजी अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

माल घेताना काय पाहावे?

खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. क्रमांकाशिवायचे चिन्ह बनावट समजावे. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर परवाना क्रमांक, ‘आर’ क्रमांक किंवा एचयूआयडी टाकल्यास परवानाधारकाचे नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही हे समजते. नाव आणि वस्तू जुळतात काय हे पाहणे आवश्यक आहे, कारण दुसऱ्याच वस्तूचा खरा क्रमांक खोक्यावर छापण्याचे प्रकार घडतात. खेळण्यांत बिनविजेच्या आणि विजेच्या प्रकारांचे परवाने वेगळे असतात. एकाच क्रमांकावर दोन्ही प्रकारांचा माल येत असेल तर खरेदी थांबवावी.

सदोष वस्तूबाबत ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे दावा दाखल होतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांना शुल्क नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगातही दावा करता येतो. त्यामुळे जॉर्ज टाउनमधून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला सोलापूर किंवा बेळगावच्या आयोगापुढे उत्तर देण्याची वेळ येऊ शकते.